चादरींचं गाणं

ताईने निक्षून सांगितलं, "निरोपाच्या कार्यक्रमाला जाईन, केक कापीन, भाषणंही ऐकून घेईन. पण गाणार नाही. कोणी आग्रह केला तर उठून घरी येईन. आणि चिमणे, हे मी तुलाच सांगतेय."

चिमणी म्हणजे मी. पन्नाशी कधीच उलटली, गुडघे बोलायला लागले, दारातून जरा तिरकं होऊन शिरावं लागतं, तरी ताईच्या तोंडी मी चिमणीच. ताई माझी थोरली बहीण. इस्पितळाच्या धुलाईघरात तिची सारी हयात गेली, आणि येत्या शनिवारी ती तिथून निवृत्त व्हायची होती. मी "बरं" म्हटलं. मी "बरं" म्हटलं की काय समजायचं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मला ताईचं गाणं ऐकायचं होतं, आणि तेही त्याच जागी, चादरींच्या खोलीत.

लग्नाआधी मीही त्या धुलाईघरात होते. पलंगाची मोठी चादर एकटीला नीट घडी घालता येत नाही, दोघी लागतात. समोरासमोर उभं राहायचं, कोपरे वाटून घ्यायचे, ताणायची, झटकायची, दुमडायची आणि चालत येऊन आपले कोपरे समोरचीच्या हातात द्यायचे. मग वाकून घडीचा तळ उचलायचा आणि पुन्हा मागे सरायचं. आम्ही दोघी हे सगळं एका गाण्यावर करायचो. धृपदाला झटका, ओळ संपली की गाठभेट. अंतऱ्यात ताईचा आवाज सरसर वर चढायचा आणि मी खालून साथ धरायचे. सिनेमातलं गाणं होतं, तेव्हा पोराटोरांच्या तोंडी असायचं, पण आमच्याइतकं तडफदार कोणी म्हणत नसे. बाकीच्या जोड्या आमच्या मागेच राहायच्या. मुकादमबाई म्हणायच्या, "पगार या दोघींना द्यायचा की त्या गाण्याला?"

गाणं शिकलो ते बाबांच्या टेपरेकॉर्डरवर. बाबांनी तो जुन्या बाजारातून आणला होता, आणि बाबांनी उघडून पाहिली नाही अशी वस्तू आमच्या घरात नव्हती. तेच गाणं बाहेर कुठे लागलं की आम्हाला मरगळलेलं वाटायचं. आम्ही एकमेकींकडे बघून म्हणायचो, "सेल उतरलेत यांचे." पुढे लोकांचे रेडिओ विजेवर चालायला लागले, तरी आमच्या मते साऱ्या जगाचे सेल उतरलेलेच. हल्ली माझी लेक मोबाइलवर ते लावते, तेव्हा मी तिला म्हणते, "बंद कर बाई. आजकालच्या लोकांनी जुन्या गाण्यांचीसुद्धा तब्येत बिघडवून ठेवलीय."

याच लेकीच्या लग्नात ताई ते गाणं म्हणायला उभी राहिली होती. पहिला अंतरा बरा गेला. दुसऱ्यात वरच्या सुराला आवाज चिरकला. माझ्या विहीणबाई हसल्या आणि चारचौघांत म्हणाल्या, "वय झालं हो ताई, आता अंगाई म्हणा!" ताई ओळ अर्धी टाकून खाली बसली. त्यानंतर ती गायलीच नाही. भांडी घासताना नाही, नातवंडाला निजवताना नाही. विचारलं की एकच उत्तर, "गळा गेला माझा." विहीणबाईंशी मी अजूनही कामापुरतंच बोलते.

तर मी ठरवलं की वरच्या ओळी आपण घ्यायच्या आणि ताईला खालच्या द्यायच्या. म्हणजे तिला नाही म्हणायला जागा उरणार नाही. माझं कपडे शिवायचं दुकान आहे. तिथेच मशीन चालवता चालवता सराव सुरू केला. वरच्या सुराला माझ्या गळ्यातून जे काही बाहेर पडलं, ते ऐकून समोरची गिऱ्हाईक बाई दचकली. "सुई गेली का हो बोटात?"

चार दिवस राहायला आलेली लेक म्हणाली, "आई, मोबाइलवर लावून म्हण ना. त्यात एवढं वर नाहीये."

"ते खोटं आहे," मी म्हटलं. "खरं माळ्यावर आहे."

आणि खुर्चीवर चढून मी बाबांचा टेपरेकॉर्डर खाली काढला. लेक खाली खुर्ची धरून माझ्या नावाने खडे फोडत होती. धूळ पुसली, कॅसेट घातली, कळ दाबली. तेच गाणं! तस्संच, टणटणीत, पळतं. माझे हात आपोआप उचलले गेले, जणू समोर चादर आहे. "ऐक," मी लेकीला म्हटलं, "याला म्हणतात गाणं." दुसरा अंतरा सुरू व्हायच्या आत यंत्र घरघरलं आणि थांबलं.

मशीन उघडायला मी भीत नाही, मग ते शिवायचं असो की गायचं. स्क्रू काढले. मोटरच्या इवल्याशा चाकावर काळी चिकटटेप गुंडाळलेली होती, थरावर थर, बाबांच्या हातची. चाकावरून फिरणारं रबर सैल पडलं असणार, ते घसरू नये म्हणून त्यांनी चाकच जाड करून टाकलं होतं. टेपचा डिंक वाळला होता. नख लावताच ती कांद्याच्या सालीसारखी सुटून हातात आली. मी चाक पुसलं, माझ्या डब्यातलं एक बेताचं नवं रबर चढवलं आणि कळ दाबली.

गाणं लागलं, पण मरगळलेलं.

"बिघडवलं मी!" मी कपाळावर हात मारून घेतला.

 लेकीने मोबाइल टेपरेकॉर्डरच्या शेजारी ठेवला, तेच गाणं लावलं आणि थांबवत, चालवत दोन्ही जुळवली. दोन्ही गाणी बरोबर चालायला लागली, एक मागे नाही की दुसरं पुढे नाही.

मोटरचं चाक जाड केलं की मशीन पळतं, हे मी दुकानात नव्या पोरींना शिकवते. गाणं पळवलं की त्याचा सूरही चढणारच. सेल कोणाचेच उतरलेले नव्हते. साऱ्या जगात एकटे आमचे बाबाच जोरात होते.

लेक पोट धरून हसली. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं. ज्या गाण्यासाठी मी इतकी वर्षं जीव टाकत होते, ते जगात कुठे नव्हतंच. ते गाणारीलाही ठाऊक नव्हतं. ते फक्त आमच्या घरात होतं, बाबांच्या वीतभर चिकटटेपवर, आणि तीही मी आत्ताच माझ्या हाताने सोलून काढली होती. फार वाईट वाटलं मला. तरुणपणातली आपली म्हणून एवढी एकच गोष्ट जपून ठेवली होती.

मग डोळे पुसले, कारण दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. ताईचा गळा गेला नव्हता.

तडक टेपरेकॉर्डर काखेत मारून ताईकडे गेले. तिने गाणं ऐकलं आणि सवयीने म्हणाली, "सेल उतरलेत."

"विजेवर आहे हा." मी चिकटटेपचं वेटोळं तिच्या तळहातावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. ताईने ते वेटोळं बोटाने उलगडून पाहिलं.

"एवढ्याशापायी," ती म्हणाली, "इतकी वर्षं मी तोंड शिवून बसले, चिमणे?"

"मग आता म्हण की."

तिने नाही नाही म्हणत गाण्याबरोबर सूर धरला. आवाज जाडसर झाला होता, पण अखंड होता. दुसऱ्या अंतऱ्याला मी श्वास रोखून बसले. ती वर गेली, तिथे टेकली आणि सुखरूप खाली आली. मला वाटलं, आता ही रडणार. पण तिचे डोळे बारीक झाले.

"थांब. म्हणजे गाणारी बाई इथवरच गेली होती? आणि आपण पोरी त्याच्याही वर जायचो? रोज? चादरी झटकत?"

"आणि तिच्याहून जलद."

"असं होय!" ताईने पदर खोचला. "शनिवारी तुझ्या विहीणबाईंना बोलाव."

लेकीने दोनदा विचारलं, "सासूबाईंना? नक्की?" मी म्हटलं, नक्की.

शनिवारी चादरींच्या खोलीत गर्दी झाली. यंत्रं बंद होती, तरी वाफेचा आणि साबणाचा तोच वास भिंतींना होता. केक झाला, भाषणं झाली. मोठ्या डॉक्टरांनी ताईचं नाव चुकवलं, तेही झालं. मग ताई उठली, कपाटातून धुतलेली चादर काढली आणि दोन कोपरे माझ्याकडे फेकले. 

तिने मोबाइलच्याच सुरात, त्याच चालीने गायला सुरुवात केली. सावकाश झटका, सावकाश घडी. ओळ संपेस्तोवर चालत जाऊन भेटायला भरपूर वेळ मिळत होता आणि माझे गुडघेही कुरकुरले नाहीत. पूर्ण गाणं एकही सूर न ढळता पार पडलं. टाळ्या पडल्या. विहीणबाईसुद्धा पुढे येऊन म्हणाल्या, "आवाज अजून गोड आहे हो ताई." जिंकलो, असं मला वाटलं. मी घडी बाजूला ठेवायला निघाले.

ताईने घडी माझ्या हातातून ओढून घेतली आणि चादर पुन्हा उलगडली.

"हे त्यांचं झालं," ती म्हणाली. "आता आपलं."

"ताई, नको ग," मी हळूच म्हटलं. पण तिने सुरुवात केली होती, आमच्या जुन्या चढ्या सुरात, बाबांच्या वेगाने. चादर फटाफट वाजायला लागली. पहिला अंतरा कसाबसा गेला. दुसऱ्यात, नेमका त्याच जागी, सगळ्यांच्या देखत, विहीणबाईंच्या नाकासमोर तिचा आवाज चिरकला.

माझे हात थांबले. मी विहीणबाईंकडे बघायला लागले, हसताहेत का ते.

तेवढ्यात चादरीला एवढा हिसका बसला की कोपरे माझ्या हातून सुटतासुटता राहिले. ताई पलीकडून ओढत होती. ती थांबलीच नव्हती. "इकडे बघ, ताल जातोय!" असं दोन ओळींच्या मध्ये मला दटावून ती पुढच्या वरच्या सुरावर तुटून पडली. तो चिरकला. त्याच्या पुढचाही चिरकला. एकही तिने टाळला नाही. मी खालून साथ धरली, धापा टाकत धावले, आणि शेवटच्या ओळीला आम्ही दोघी कोपऱ्यांसकट एकमेकींवर आदळलो.

ताईचा चेहरा लालबुंद झाला होता. कोणी टाळ्या वाजवल्या की नाही, ते मला आठवत नाही. श्वास सापडल्यावर ती एवढंच म्हणाली, "चिमणे, दुसरी चादर आण."

मी आणली.