निवडुंगाची सोयरीक

निमगाव सावा गावात कुंडलिकच्या अंगणात चौदा फुटी निवडुंग उभा होता, आणि कुंडलिकनं त्याच्याभोवती चुन्याच्या फक्कीची पांढरी चौकट आखली होती. टोमॅटोचे क्रेट ठेवायला तिथंच शेड घालायची होती. चार एकरांत दुसरी जागा नव्हती असं नाही. पण कुंडलिकला एकदा सुचलं की सुचलं. पावसानं फक्की पुसली की हा गडी पुन्हा आखायचा.

त्याची बायको धोंडाबाई अंगण झाडताना ती रेघ पुसटशी करून टाकायची. या घरात तिला बावीस वर्षं झाली होती. गोठा कुठं, कांदा कुठं, चूल कोणत्या भिंतीला, सगळं नवऱ्यानं ठरवलेलं. या जमिनीत तिनं स्वतःच्या मनानं लावलेलं झाड हे एकच.

"आवं, फळं येत्यात त्याला. लई ग्वाड."

"सात वर्सं आयकतोय. या साली घट बसायच्या आत एक फळ दाव. न्हाईतर कुऱ्हाड."

कांडं तिनं अठ्ठ्याण्णव साली नारायणगावच्या झमकूबाईकडून आणलं होतं. झमकूबाई म्हणजे कापडवाल्या नथमलशेठची बायको. तिनं ते राजस्थानातून, माहेराहून आणलेलं; तिकडं त्याला गोड फळं धरतात म्हणायची. पहिलं कांडं कुंडलिकच्या सल्ल्यानं वाया गेलं. टोमॅटोच्या रोपासारखं त्यानं ते लावलं, बादलीभर पाणी ओतलं, आणि आठ दिवसांत ते कुजून घाण सुटली. दुसऱ्या वेळी धोंडाबाईनं कुणाला विचारलंच नाही. तिचं माहेर आंबेगावच्या सातगाव पठारावरचं, बटाट्याच्या मुलखातलं. तिथं बेण्याच्या फोडी राखेत घोळून सुकवतात, मगच लावतात. तिनं कांड्याला राख फासली, पंधरा दिवस माळ्यावर सुकवलं, मुरमाड जागेत रोवलं आणि पाण्याचा थेंबही दाखवला नाही. ते जगलं, वाढलं, छपराच्या वर गेलं.

तिसऱ्या वर्षापासून फुलंही येऊ लागली. वीतभर लांब, पांढरीशुभ्र, रात्री उमलायची आणि ऊन लागलं की मिटायची. पण चार दिवसांत देठ पिवळा पडून सगळी गळायची. धोंडाबाई पूर्वी बियाण्याच्या प्लॉटवर फुलांना हातानं पराग लावायच्या कामाला जायची, त्यामुळे हात तयार होता. तिनं झमकूबाईच्या झाडाचा पराग आणून लावला. फळ नाहीच. तिची जाऊ ठकूबाई तर येता-जाता नाक मुरडायची. "नुसता काट्याचा खांब! देवापुढं तरी काय ठेवायचं त्याचं?"

नागपंचमीनंतर घाटघरचा बहिरू नेहमीप्रमाणे तांदूळ विकायला आला. वर बघून म्हणाला, "आमच्या वाडीला बी असलाच एक हाय. पण तुमच्या खांबाला उभ्या धारा सा, आमच्याला आठ. साताऱ्याकडनं आणलेला. फुलतोय झकास, पण फळ न्हाई."

धोंडाबाईच्या हातातलं सूप हातातच राहिलं. झमकूबाईचं झाड आणि हे झाड, एकाच अंगाचं! आई कसली, लेक कसली, सगळी एकच भावकी. आणि भावकीत सोयरीक कधी होते का? आपण दोन वर्षं सख्ख्या भावंडांचं लग्न लावत बसलो म्हणून ती स्वतःवरच चिडली.

"मी घाटघरला जाते," तिनं सांगून टाकलं.

"निवडुंगाला स्थळ बघायला?" कुंडलिक पोट धरून हसला.

"व्हय. अक्षता पडल्यावर बोला."

झाडावर चार कळ्या टपोऱ्या झाल्या, आज रात्री नक्की उमलणार असं दिसलं, तेव्हा ती निघाली. जाताना ठकूबाईला बजावलं, "सकाळी ऊन पडलं तर फुलांवर सावली धर. मिटली तर माझ्याशी गाठ हाय."

रात्री ती बहिरूच्या घरी राहिली. पहाटे धुक्यात त्याच्या झाडाचं फूल उघडंच होतं. पराग तिनं कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात झटकून घेतला आणि मुक्कामी एसटी पकडली. जुन्नरपासून जीप, नारायणगावहून दुसरी जीप. करंडा पदरात घट्ट बांधलेला. ओतूरच्या बाजूला ढग फाटून ऊन दिसायला लागलं तसा तिचा जीव टांगणीला लागला. जीपवाला प्रवासी भरायला थांबला, तेव्हा तिनं त्याचा असा उद्धार केला की त्यानं गुपचूप गाडी काढली.

दहाला ती अंगणात पोचली आणि बघतच राहिली. शिडीच्या टोकाला ठकूबाई उभी होती, हातात कुंडलिकची काळी छत्री.

"हात मोडला माझा! दोन मिटली. दोन जागी हायेत. ये लवकर!"

धोंडाबाई शिडी चढली. बोटाच्या टोकानं पिवळा पराग दोन्ही फुलांच्या मधोमध लावला. ठकूबाईनं वरून चिमूटभर तांदूळ टाकले.

चौथ्या दिवशी दोन फुलं गळाली. राहिलेल्या दोन्हींचे देठ हिरवेच होते. पंधरा दिवसांत तिथं लिंबाएवढी फळं धरली, महिन्याभरात पेरूएवढी झाली. ठकूबाई आता येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून झाड दाखवायची आणि छत्रीची गोष्ट सांगायची. कुंडलिक मात्र वर न बघता जायचा. फक्की पुसली तर पुन्हा आखायचा.

घट बसले त्या सकाळी फळं लालभडक झाली होती. एक तर आपोआप उकललं होतं. कुंडलिकलाच शिडीवर चढावं लागलं, कारण धोंडाबाई सोवळ्यात होती आणि तिनं मुद्दाम त्यालाच सांगितलं होतं. एक फळ घटापुढं ठेवलं. दुसरं तिनं विळीवर चिरलं. आतला गर पांढराशुभ्र, त्यात काळं बारीक बी.

कुंडलिकनं एक फोड खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरीला हात घातला तसा ठकूबाईनं त्याच्या हातावर चापट मारली.

तो उठला, अंगणात गेला आणि पायानं फक्कीची रेघ पुसू लागला, चारही बाजूंनी, नीट. मग तिथूनच त्यानं हाक मारली.

"धोंडे, शेड मंग कुठं घालू?"

बावीस वर्षांत त्यानं तिला असं काही विचारलं नव्हतं. धोंडाबाईचे डोळे भरून आले. पण तिनं घाई केली नाही. हातातली फोड सावकाश संपवली, बोटं चाटली, पदराला हात पुसले.

"चला," ती म्हणाली, "दावते."