वीज पोचत नव्हती

पिकअप चढावर मान टाकून उभी राहिली. ऊन टोचायला लागलं होतं. मागे हौद्यात ताईच्या मधपेट्या होत्या, तोंडं जाळीने बंद केलेल्या. गाडी पळत असली की वारा लागतो. थांबली की आत उकडतं, मेणाची पोळी ढासळतात आणि माश्या त्यांच्याखाली गुदमरतात. पेट्या न्यायच्या ते सूर्यफुलांचं शेत अजून डोंगरापलीकडे होतं.

तिच्या धाकट्या भावाने, गोट्याने, किल्ली फिरवली. नुसतं टिक-टिक.

"बॅटरी नवीकोरी आहे, ताई. मीच तर बसवली."

"मग सकाळपासून तो बॅटरीचा लाल दिवा कशाला पेटला होता?"

"दिवाच बिघडलाय म्हटलं."

ताईने पेटीला कान लावला. एरवीची संथ गुणगुण आता चिरकी झाली होती. कॅनमधलं पाणी तिने गोणपाटांवर ओतलं आणि ती पेट्यांवर पसरली. अर्धा कॅन तिथेच संपला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ती वळणाकडे बघायची, पुन्हा पेट्यांकडे, पुन्हा वळणाकडे.

शेवटी एक ट्रक आला. मिशीवाल्या ड्रायव्हरने काही न विचारता केबल काढल्या, त्याच्या बॅटरीची वीज यांच्या बॅटरीला जोडली. पिकअप धडधडली.

"चला, सुटलो!" गोट्याने केबल काढून बॉनेट पाडायला हात घातला.

"थांब. पुढच्या वळणावर पुन्हा बसली तर? मीटर लाव."

"ताई, वेळ जातोय!"

"माझाच जातोय. लाव."

त्याने चरफडत मीटरच्या तारा बॅटरीला टेकवल्या. इंजिन चालू असताना चौदा व्होल्टच्या आसपास आकडा हवा. मीटर बारा दाखवत होतं आणि बघता बघता आणखी उतरत होतं.

गोट्याचं तोंड उतरलं. "अल्टरनेटरच गेला. वीजच बनत नाहीये. आता नवा आणायचा तर..."

दुकान गाठेपर्यंत एकही पेटी जगणार नव्हती. तरी ताई म्हणाली, "बनत नाही हे कशावरून? अल्टरनेटरच्याच टोकावर मोजलंस का?"

"पट्टा फिरतोय तिथं."

"बाह्या वर कर आणि जपून मोज."

त्याने बाह्या सारून तार आत सरकवली. मीटरवर चौदाच्या वर आकडा आला.

"म्हणजे इथं वीज बनतेय," मिशीवाला म्हणाला, "पण बॅटरीपर्यंत पोचत नाहीये."

गोट्याने जाड वायरीवरून नजर फिरवत नेली. बॅटरीपाशी काळी टेप होती. नवी बॅटरी उंच निघाली म्हणून त्याने वायर ओढून ताणून बसवली होती. आता इंजिन बंद करून, बॅटरीचं टोक सोडवून त्याने टेप उलगडली. आत वायरीच्या तांब्याच्या तारा तुटल्या होत्या. दोन-चार धागे कसेबसे धरून होते.

ताईच्या जिभेवर बरंच काही आलं, पण मागून येणारी चिरकी गुणगुण ऐकून तिने ते गिळलं. तिने मिशीवाल्याकडे पाहिलं. पुन्हा चालू करायला त्याचीच बॅटरी लागणार होती.

"थांबतो, बाई. पण उरका."

गोट्याने तुटका भाग कापला, वायर सोलली, बॅटरीच्या टोकात घालून पकडीने दाबली आणि यावेळी खालच्या क्लिपमधून वायर मोकळी करून ती ढिली बसवली. नट दोनदा खाली पडला. पुन्हा केबल जोडून गाडी सुरू केली. मीटर चौदावर गेलं आणि तिथेच राहिलं. लाल दिवा विझला.

शेतावर पोचल्यावर ताई एकेका पेटीची जाळी काढत गेली. माश्या भसाभस बाहेर पडून फुलांवर घोंघावू लागल्या. केबिनला चिकटून ठेवलेल्या पेटीतून मात्र कोणीच आलं नाही. तिने झाकण उचललं आणि परत ठेवलं.

"किती?" गोट्याने लांबूनच विचारलं.

"ही सगळी गेली. शेजारची अर्धी."

"ताई, शिव्या घाल ना. अशी गप्प नको राहू."

तिने पदराने तोंड पुसलं. "आधी त्यांना पाणी ठेव. शिव्या संध्याकाळी, सावकाश."

तो घमेली घेऊन विहिरीकडे पळाला. पाणी भरून आणलं आणि माश्या बुडू नयेत म्हणून प्रत्येक घमेल्यात काटक्या टाकत बांधाबांधाने फिरत राहिला.