अक्षरे स्पष्ट दिसली का?

खिडकी क्रमांक तीन सकाळी दहा वाजता उघडते, असं तिच्याच डोक्यावर ठळक लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. ते ज्याने लिहिलं तो पेंटर त्या सकाळी रांगेत सातवा उभा होता आणि घड्याळात पावणेअकरा झाले होते. पेंटरच्या हाताला वळण होतं. नगर कार्यालयातला प्रत्येक फलक त्याच्या हातचा. ‘नागरिकांची सेवा हाच आमचा आनंद’ हा तर त्याने इतका जीव ओतून रंगवला होता, की गल्लीतल्या चारचौघांना मुद्दाम नेऊन दाखवला होता. आता त्याच फलकाखाली उभं राहून त्याच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या, आणि आनंदाने सेवा करणारे साहेब अजून चहाहून परतले नव्हते.

मागच्या बाकावर त्याची आई बसली होती. शिंप्यांच्या दुकानांसाठी काजं-बटणं करण्यात तिची चाळीस वर्षं गेली होती. एक डोळा आधीच गेलेला. दुसऱ्यातही काचबिंदू उतरला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, “आहे तेवढी नजर वाचेल, पण महिन्याभरात शस्त्रक्रिया व्हायला हवी. नगर रुग्णालयात रहिवाशांना ती मोफत होते. फक्त रहिवासी दाखला घेऊन या, लगेच तारीख देतो.”

म्हणजे काम एका कागदाचं. बाई या शहरात बावन्न वर्षं राहत होती, हे लिहिलेला एक कागद.

साहेब आले. लोक त्यांना पाठीमागे ‘उद्यासाहेब’ म्हणत, कारण त्यांच्या तोंडून तोच एक शब्द न चुकता बाहेर पडे. त्यांनी खुर्ची पुसली, पंखा लावला, कपाटाची किल्ली काढली आणि ती कपाटाला न लावता कानात घातली. चांगला वेळ घेऊन कान कोरला, किल्लीचं टोक निरखून पाहिलं, ते अर्जांच्या गठ्ठ्याला पुसलं आणि मग म्हणाले, “हं, बोला.”

पेंटरची पाळी आली तेव्हा त्याने दोन्ही हातांनी अर्ज पुढे केला.

“हा जुना फॉर्म आहे.”

“साहेब, परवा तुम्हीच दिला होता.”

“परवा जुना नव्हता. उद्या या.”

असे खेटे सुरू झाले. नवा फॉर्म झाला तर फोटो जुना निघाला. फोटो झाला तर वीजबिल नवऱ्याच्या नावावर, मग नवरा वारल्याचा दाखला हवा. तो आणला तर छायाप्रत नको, मूळ प्रत हवी. मूळ प्रत दिली तर ती कुठल्याशा फायलीत गेली आणि पुढचे आठ दिवस ती फाइल शोधण्यात गेले. शेवटी ती सापडली तेव्हा उद्यासाहेबांचा चहाचा कप तिच्यावरच ठेवलेला होता. कप उचलला, तर आईच्या फोटोवर बरोबर चेहऱ्याभोवती तपकिरी कडं उमटलं होतं.

“पुसून घ्या जरा,” साहेब म्हणाले. खरं सांगायचं तर त्याच क्षणी त्या माणसाची शिसारी यावी. पण पेंटरने रुमाल काढला आणि ओशाळं हसत फोटो पुसला, जणू कप त्यानेच ठेवला होता.

नवव्या खेपेला “अर्जदार प्रत्यक्ष हजर करा,” असा हुकूम झाला. आई पुन्हा आली. आतापर्यंत तिला समोरच्या माणसाचा नुसता आकार दिसू लागला होता. तिने चाचपडत खिडकीच्या गजांतून हात आत घातला आणि म्हणाली, “मी हजर आहे, बाबा. बघून घे.”

“आजी, हात मागे घ्या! काही सांडलं म्हणजे?”

“सांडायला तुझ्या टेबलावर बिस्किटांच्या भुग्याशिवाय आहे काय? बोटांना लागतोय माझ्या.”

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. उद्यासाहेबांचा चेहरा आंबट झाला. पेंटरने घाईघाईने आईला मागे ओढलं. “आई, गप्प बस ना! गोड बोलून काम काढायचं असतं.”

“अरे, दीड महिना गोडच बोलतोयस ना? मग?”

पेंटरने खिडकीकडे पाहून पुन्हा हसून घेतलं.  रांगेत सगळेच मूग गिळून उभे होते, आणि जो तो आपल्यापुरता जास्तीत जास्त गोड हसत होता. या कार्यालयांची खरी ताकद कुलपात नसते, शिक्क्यात नसते. ती रांगेतल्या त्या लाचार हसण्यात असते.

दाखला अकराव्या खेपेला मिळाला. तोवर दोन महिने उलटून गेले होते. डॉक्टरांनी आईच्या डोळ्यात बारीक उजेड टाकला, वर बघा म्हणाले, खाली बघा म्हणाले, आणि खुर्ची मागे सरकवली. पेंटरने दाखला टेबलावर ठेवला होता. डॉक्टरांनी तो हळूच परत त्याच्याकडे सरकवला.

“आता उपयोग नाही. सहा आठवड्यांपूर्वी आला असतात तर…”

आईने विचारलं, “दिवा विझवला का हो, डॉक्टर?” दिवा चालू होता.

घरी आल्यावर तिने आपला सुयांचा डबा सुनेच्या हातात दिला. “तुझ्या मुलीला दे यातल्या मोठ्या नेढ्याच्या. बारीक तूच ठेव,” एवढंच बोलली. सून स्वयंपाकघरात जाऊन रडली. पेंटर मात्र रडला नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि लाजेला बाहेर पडायला वाट सापडत नव्हती.

पंधरा-वीस दिवसांनी कार्यालयाचं बोलावणं आलं. वरून तपासणी येणार होती, म्हणून व्हरांड्यात नवा फलक हवा होता. जावंसं त्याला मुळीच वाटत नव्हतं, पण हाताला दुसरं काम नव्हतं. तो गेला. पत्र्याचा फलक व्हरांड्यातल्या बाकावर भिंतीला टेकवला, त्याच्या पांढऱ्या रंगावर निळ्या रंगाने लिहायला घेतलं : ‘गेल्या तिमाहीतील समाधानी नागरिक :’. पुढचा आकडा विचारायला तो खिडकी तीनकडे गेला. उद्यासाहेब तेव्हा डबा खात होते. त्यांनी खरकट्या हाताने कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडे बोट केलं.

“वर चिठ्ठी आहे बघ. अठ्ठ्याण्णव टक्के. मोठा काढ आकडा, लांबून दिसला पाहिजे.”

गठ्ठा अभिप्राय कार्डांचा होता. पेंटरने चिठ्ठी काढली आणि सवयीने त्याची नजर खालच्या अक्षरांवर गेली. ज्याचं पोट अक्षरांवर चालतं, त्याला हात ओळखायला वेळ लागत नाही. पहिलं कार्ड, दुसरं, दहावं, विसावं, सगळ्यांवर एकच हात. तोच उजवीकडे झुकलेला काना, तीच टोकाला मारलेली शेपटी. सह्या तेवढ्या वेगवेगळ्या करायचा प्रयत्न होता. आणि मधेच एका कार्डावर त्याच्या आईचं नाव होतं.

त्याने ते कार्ड बाहेर काढलं.

कर्मचाऱ्यांची वागणूक? सौजन्यपूर्ण. कामाला लागलेला वेळ? अपेक्षेपेक्षा कमी. कार्यालयातील फलक वाचता आले का, अक्षरे स्पष्ट दिसली का?

हो, अगदी स्पष्ट.

खाली आईची झोकदार सही होती. तारीख डॉक्टरांनी ‘उपयोग नाही’ म्हटल्यानंतरची, बरोबर चौथ्या दिवसाची.

“साहेब, हे कोणी भरलं?”

उद्यासाहेबांनी मान लांब करून पाहिलं. ते जराही दचकले नाहीत, आणि किळस येण्यासारखी गोष्ट हीच होती. “अरे, दर महिन्याला शंभर कार्डं वर पाठवावी लागतात. लोक भरतात का कधी? मग महिनाअखेरीला मीच बसतो आणि आवक नोंदवहीतली नावं घेऊन भरून टाकतो. सगळीकडे असंच चालतं.”

“माझ्या आईला दिसत नाही, साहेब. तुमच्या या खिडकीपायी दिसत नाही.”

“हो का?” साहेबांनी घास गिळला. “पण आम्ही वाईट तर काही लिहिलेलं नाही ना? चांगलंच लिहिलंय.”

 आजवर हा माणूस पेंटरला आळशी वाटे, उर्मट वाटे. आज प्रथमच कळलं, की त्याच्या लेखी खिडकीबाहेर माणसं नव्हतीच. कार्डं भरायला लागणारी नावं होती, तेवढीच.

आवाज चढला तशा आतून अधीक्षकबाई आल्या. नेटक्या, मृदू बोलणाऱ्या बाई. त्यांनी पेंटरला खुर्ची दिली, पाणी दिलं, आईची चौकशीही केली.

“फार वाईट झालं हो. पण मनाला लावून घेऊ नका. फलक तेवढा संध्याकाळपर्यंत पुरा करा, उद्या तपासणी आहे.” मग कार्ड त्याच्या बोटांतून अलगद काढायचा प्रयत्न करत त्या म्हणाल्या, “आणि आईंना आता अंधत्वाचा दाखला लागेलच ना? त्यावर सवलती मिळतात, सोबतीला माणूस मिळतो. ती फाइलही याच खिडकीवरून जाते. आपण एकमेकांना सांभाळून घेऊ.”

इतकं गोड त्याच्याशी या इमारतीत आजवर कोणीच बोललं नव्हतं. पेंटरने कार्ड सोडलं नाही. त्याने ते खिशात घातलं, व्हरांड्यात जाऊन ब्रश रॉकेलमध्ये स्वच्छ धुतला, डबे बंद केले आणि तो घरी आला.

आई उंबऱ्याशी बसली होती. त्याने तिला सगळं सांगितलं. कार्ड वाचून दाखवताना शेवटच्या ओळीला त्याचा आवाज फुटला आणि इतक्या दिवसांचं रडू एकदाच बाहेर आलं. “आई, ते फलक मीच लिहिलेत गं. आणि तुला गप्पही मीच बसवलं.”

आईने त्याला रडू दिलं. मग विचारलं, “आकडा भरलास का?”

“नाही.”

“मग उद्या मला घेऊन चल.”

“दाखला अडवतील, आई. सोबतीचं माणूस मिळणार नाही. दिवसभर तू एकटी…”

“अडवू दे. दिसत नाही हे सांगायला मला त्यांचा कागद कशाला हवा? पण मला छान दिसतं, असं माझ्या नावाने कोणी लिहिलेलं मी चालवून घेणार नाही.”

दुसऱ्या दिवशी कार्यालय झाडूनपुसून लख्ख झालं होतं. दारात कुंड्या आल्या होत्या, आणि अभिप्राय कार्डांचा गठ्ठा तपासणीसाठी व्हरांड्यातल्या टेबलावर मांडला होता. उद्यासाहेब चक्क दहा वाजता जागेवर होते. तपासणीला आलेले दोन अधिकारी व्हरांड्यात उभे राहून पाणी पीत होते, आणि अधीक्षकबाई त्यांना काहीतरी हसून सांगत होत्या. पेंटर आईचा हात धरून आला. रांगेतल्या लोकांनी वाट करून दिली. आईने गज चाचपले आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

“माझं कार्ड मला वाचून दाखव, बाबा. मी भरलंय म्हणे. मला आठवत नाही.”

उद्यासाहेबांनी अधीक्षकबाईंकडे पाहिलं, अधीक्षकबाईंनी भिंतीकडे. पेंटरने खिशातून कार्ड काढून आत सरकवलं. “वाचा ना साहेब. अक्षर तुमचंच आहे.”

साहेब काही वाचेनात. तेव्हा रांगेतल्या एका भाजीवालीने गजांतून हात घालून कार्ड ओढून घेतलं आणि मोठ्याने वाचलं. ‘हो, अगदी स्पष्ट’ इथपर्यंत आल्यावर तिने मान वर करून आईच्या डोळ्यांकडे पाहिलं. तिला पुढे वाचवेना.  मग मागून एक म्हातारा रिक्षावाला म्हणाला, “माझंही असेल बघा त्यात. चार महिने झाले, नळ नाही मिळाला अजून.” “माझंही बघा.” “अहो, माझ्या भावाचं नाव बघा, तो मागच्या वर्षीच वारलाय.” गठ्ठा उचलून आत न्यायला अधीक्षकबाई पुढे झाल्या, पण तोवर एका अधिकाऱ्याने त्यावर हात ठेवला होता. त्याने मनापासून ठेवला की चारचौघांत ठेवावा लागला, हे सांगता येत नाही.

आईला तिकडे लक्ष द्यायचं नव्हतं. तिने पेंटरला बाकावरच्या अर्धवट फलकापाशी न्यायला सांगितलं. बाकाला धरून ती वाकली आणि काजं करून निबर झालेली बोटं पत्र्यावरून फिरवत गेली. रंगाचा उंचवटा बोटांना लागत होता. शब्द संपले तिथे बोटं थांबली, पुढे सरकली, कडेपर्यंत गेली.

“इथून पुढे गुळगुळीतच आहे रे.”

“हो, आई.”

“असू दे तसंच.”

ही गोष्ट इथे गोड होत नाही. उद्यासाहेबांची बदली झाली, म्हणजे आता ते दुसऱ्या कुठल्यातरी खिडकीत किल्लीने कान कोरत असतील. अधीक्षकबाई आहेत तिथेच आहेत. अंधत्वाच्या दाखल्यासाठी पेंटरचे आतापर्यंत सहा खेटे झाले आहेत. फरक एवढाच, की तो आता रांगेत हसत नाही, आणि प्रत्येक खेपेला आपलं कार्ड मागून घेऊन सगळ्यांसमोर मोठ्या, वळणदार अक्षरांत स्वतः भरतो. त्याचं पाहून भाजीवाली भरते, रिक्षावाला भरतो.

तुम्हीही मागे कधीतरी अशा एखाद्या खिडकीसमोर उभे राहिला असाल. काम झालं नसेल, अपमान गिळून, ओशाळं हसून घरी परतला असाल. तुमचं नाव आवक नोंदवहीत आहे. महिनाअखेरीच्या एखाद्या सुस्त दुपारी कोणीतरी तुमचं कार्ड भरून टाकलं आहे. त्यावर तुमची सही आहे, आणि तुम्ही पूर्ण समाधानी आहात.