कुल्फी खायला

माझ्या बायकोला आमच्या नातीचा हेवा वाटतो. लिहायला संकोच होतो, आणि हेवा हाच शब्द बरोबर की नाही याचीही मला खात्री नाही. पण इन्सियाच्या नव्या चपला पाहून जुमानाचं तोंड उतरतं. सून तस्नीम लेकीचे केस विंचरताना गुणगुणते, तेव्हा जुमाना उठून आत जाते. "आमच्या आईला कुठला एवढा वेळ!"

आम्ही बोहरी. गोंदियात आमचं रंगाचं आणि लोखंडी सामानाचं दुकान आहे. आता ते मुलगा मुर्तझा पाहतो. घरात सगळे एकाच मोठ्या थाळाभोवती बसतो. लहान मूल मिठाची वाटी फिरवतं, प्रत्येकाने चिमूटभर चाखलं की जेवण सुरू. शेवटही मिठानेच. त्या दिवशी इन्सिया लवकर जेवून अंगणात पळाली आणि जुमाना म्हणाली, "सातवं लागलं हिला. खतना राहिलाय."

आमच्यात मुलींचाही खतना, म्हणजे सुंता करतात. घरातली थोरली बाई मुलीला घेऊन जाते. पुरुषांना कुणी काही सांगत नाही.

"राहिला नाही, मम्मी," तस्नीम म्हणाली. "करायचा नाही."

"दीनमध्ये आहे, आपल्या धर्मात."

"पप्पांना विचारा ना. एवढं वाचतात."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. घास गिळून मी म्हणालो, "कुराणात नाही. पैगंबरांच्या काही हदीस सांगतात, पण बरेच जाणकार त्या कच्च्या मानतात. आपल्या पंथाच्या जुन्या ग्रंथात उल्लेख आहे. शेजारच्या रेहानाच्या घरी मात्र मुलींचं असं काही ऐकलेलंही नाही, आणि तेही मुसलमानच. मला वाटतं, लेकराला इजा होईल असं… अर्थात मी काही आलिम नाही…"

"पाहा! यांना कधी काही नक्की ठाऊक असतं का?" जुमाना म्हणाली. "पाक राहण्यासाठी असतं ते. माझं झालं, माझ्या आईचं झालं. हीच कोण महाराणी लागून गेली? हिलाच काऊन सगळं साबूत पाहिजे?"

तस्नीम हळू आवाजात म्हणाली, "तुमचंही साबूत राहायला पाहिजे होतं, मम्मी."

जुमानाने हात आखडला. "मला नानीने कुल्फी खायला नेते म्हणून नेलं होतं," ती म्हणाली. "कुल्फी दिलीसुद्धा नाही." आणि शेवटचं मीठ न चाखताच उठली.

लग्नाकार्यात ती आपली कुल्फी माझ्याकडे सरकवते. तिचे दात शिवशिवतात, असं मी इतकी वर्षं समजत होतो. तिने हे मला नाही, सुनेला सांगितलं. खरं सांगायचं तर मला सुनेचा हेवा वाटला.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी वाचत बसलो होतो. तस्नीम तिच्या शाळेत शिकवायला, मुर्तझा दुकानात. घर फारच शांत वाटलं म्हणून मी बाहेर आलो. रेहाना कपडे वाळत घालत होती.

"आपा इन्सिया को लेके गई ना," ती म्हणाली. "कुल्फी खिलाने."

ते काम करणारी म्हातारी नागपूरला राहते, आणि नागपूरची गाडी याच वेळेची. तस्नीमला फोन लावावा, तर सांगू काय? माझा संशय खोटा निघाला तर? चप्पल पायात सरकवून मी निघालो. स्टेशनच्या रस्त्यावर या वयात धावलो.

"मामा, कायले पळून राहिले?" कुल्फीवाला दुलीचंद ओरडला. "कुल्फी सरून नाही राहिली!"

त्याच्या हातगाडीशेजारच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. जुमानाच्या पायाशी प्रवासाची पिशवी होती, वर इन्सियाचा फ्रॉक दिसत होता. जुमानाच्या हातात कुल्फी होती आणि रस तिच्या रिदावर, आमच्या बोहरी बुरख्यावर, ओघळत होता.

मी बाकाला टेकलो. धाप लागली होती. तिकडे स्टेशनात गाडीची घोषणा सुरू झाली.

"हिला पिस्त्याची दिली," जुमाना दुलीचंदला म्हणाली, "आणि मला साधी. मलाही पिस्त्याची दे. हिच्यापेक्षा मोठी."

"दादी, तुझी तिसरी आहे!"

"चौथीही खाईन. तुला एकच मिळेल."

बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान डोक्यावरून गेलं. इन्सिया वर पाहू लागली, तेवढ्यात जुमानाने तिच्या कुल्फीचा मोठा लचका तोडला.

"दादीऽऽ!"

दुलीचंद हसला. गाडी सुटल्याची शिट्टी ऐकू आली. जुमानाने मान वळवली नाही. पिशवी पायाने माझ्याकडे ढकलून म्हणाली, "ही घरी न्या. तस्नीमला काही सांगू नका."

मी पिशवी उचलून दोन पावलं गेलो असेन.

"अहो, सांगा," ती मागून म्हणाली. "कुल्फी खायला नेते म्हणाली होती, आणि कुल्फीच दिली. असं सांगा."