ज्ञानदेवांची लाळ

पुण्यात थुंकायला कुणाला जागा शोधावी लागत नाही. पण हातात झाकणाची नळी दिली की भल्याभल्यांच्या तोंडाला कोरड पडते, हे श्रद्धाला बिबवेवाडीतल्या पोपटच्या टपरीवर कळलं. सिगारेट ओढणाऱ्यांच्या लाळेत कॅडमियम आणि शिसं हे विषारी धातू किती उतरतात, हे ती पीएचडीसाठी मोजत होती. "मॅडम, तुम्ही जरा तिकडं बघा ना," म्हणत चांगले मिशाळ गडी लाजायचे. शेवटी पोपटने त्यांना चिंचेची गोळी नुसती दाखवायला सुरुवात केली आणि नळ्या भराभर भरल्या.

तुलनेसाठी तंबाखूला कधीच न शिवलेली माणसंही हवी होती. पहिला हात वर केला तिच्या वडिलांनी. ज्ञानदेव म्हणजे निवृत्त मास्तर आणि व्यसनमुक्ती मंडळाचे चिटणीस. रस्त्यात कुणी तंबाखू मळताना दिसला की हातातला चहा टाकून उपदेशाला धावायचे. "माझी लाळ म्हणजे गंगाजल," असं म्हणून ते नळी घेऊन आत गेले आणि बऱ्याच वेळाने भरलेली नळी घेऊन बाहेर आले.

यंत्राने त्या गंगाजलात पोपटच्या गिऱ्हाइकांइतकंच कॅडमियम दाखवलं.

श्रद्धाने नळीवरचं नाव तपासलं. तिने पुन्हा मोजलं. यंत्र हटायला तयार नाही. सोमवारी समितीपुढे ही पद्धत मांडायची होती. ओढणारा कोण आणि न ओढणारा कोण हेच कळत नसेल, तर सगळं मुसळ केरात. तिचे गाईड सलिल सर चष्म्यावरून आकडे बघत म्हणाले, "एक तर तुमच्या वडिलांनी सिगारेट सोडावी, नाहीतर तुम्ही रसायनशास्त्र."

घरी येताच तिने वडिलांना गाठलं. "बाबा, खरं सांगा. चोरून ओढता?"

"मी? सिगारेट?" ज्ञानदेव लालबुंद झाले.

"मग माझं यंत्र खोटं बोलतंय. सोमवारी माझं हसं होणार."

मुलीचा चेहरा बघून मास्तर वरमले. "अगं, मला जमलंच नाही. थुंकू नका, थुंकू नका म्हणून जन्मभर पोरांना छड्या मारल्या. तोंडच उघडेना. मग तुझ्या आईला म्हटलं, तू भर. तीही माझ्यासारखीच निर्व्यसनी. घरच्या घरात काय फरक पडतो?"

स्वयंपाकघराच्या दारात कौशल्या तोंडाला पदर लावून गदगदा हसत होती.

"आई! तू काय खातेस?"

"खाते कुठं? घासते." तिने ओट्यामागून डबी काढली. तिच्या माहेरून येणारं ते काळं मंजन, बदामाच्या टरफलांचं म्हणून घरात सगळ्यांना ठाऊक होतं. "मशेरी आहे ती. तंबाखू भाजून केलेली. लग्नाआधीपासून लावते. ह्या चिटणीसांना सांगायची कुणाची छाती होती?"

श्रद्धा किंचाळलीच. यंत्र खरं होतं! मशेरी लपली, आई लपली, पण कॅडमियम लपलं नाही! तिने आईला कमरेला धरून गरागरा फिरवलं. "आई, तू थोर आहेस! भरपूर कॅडमियम आहे गं तुझ्यात!" मायलेकी भांड्यांच्या मांडणीवर आदळल्या, एक पातेलं घरंगळत गेलं. डोक्याला हात लावून बसलेले ज्ञानदेवही हसायला लागले.

आणि मग श्रद्धाला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं. तिचे पाय थांबले. "आई," तिला एकदम रडूच फुटलं, "हे वाईट आहे गं. फार वाईट आहे."

"कळतंय की." कौशल्याचं हसू अजून पुरतं ओसरलं नव्हतं. "पास तू, नापास मी, आणि पेढे पुन्हा मीच वाटायचे." तिने डबी लेकीच्या हातात ठेवली. "घे, टाकून दे. पण सकाळी माझ्याशी कुणी बोलायचं नाही. मशेरी नसली की माझं डोकं उठतं."

ज्ञानदेवांना आज एकही उपदेश आठवेना. "मी बसेन सकाळी तुझ्याशेजारी," ते म्हणाले. "न बोलता."