मानाचा झोपाळा

मनकर्णाबाईंच्या चिकलठाण्यातल्या बोल्टच्या कारखान्यात एक रीत होती. तारेचं नवं कॉइल आलं की त्यातून निघालेला पहिला बोल्ट देवापुढे ठेवायचा, पण आधी त्याच्या डोक्यावर हातोड्याचा सणसणीत ठोका मारायचा. तार मऊ, कमी कार्बनची असली तर डोकं पसरतं, फाटत नाही. या खेपेला पहिलंच डोकं उभं चिरलं. पुढचीही चिरली.

तार पाठवली होती आप्पासाहेबांनी. ते तारेचे व्यापारी आणि नात्याने बाईंचे मामेसासरे. नवरा गेल्यावर सगळ्यांनी पाठ फिरवली, तेव्हा यांनीच तार दिली होती. हे ते प्रत्येक लग्नात चारचौघांत ऐकवत आणि बाई खाली मान घालून ऐकत.

बाईंनी फोन लावला. "मामा, तार कडक लागलीय, डोकी फुटायलीत. बदलून द्या."

"लई शहाणी झालीस सूनबाई! तुझे बोल्ट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलाच लागतेत ना? ट्रॉली म्हंजे काय विमान हाय व्हय? मुकाट्यानं चालव, नायतर दुसरा व्यापारी हुडक."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. पाचोडला गावी असताना त्या स्वतः ट्रॉलीत दाटीवाटीने बसून कापूस वेचायला जात. त्या बाया म्हणजे माणसं नव्हेत की काय?

त्यांनी मशीन थांबवलं. त्याआधी भिकन कारागिराकडून त्याच तारेचे चार बोल्ट तेवढे काढून घेतले.

खंडेनवमीला यंत्रांवर झेंडूच्या माळा चढल्या, शेजारचे कारखानदार जमले. मानाचे पाहुणे अर्थातच आप्पासाहेब. मधोमध छताच्या गर्डरला झोपाळा टांगलेला, वर गादी आणि लोड.

"बसा मामा. मान तुमचा."

मामा खूश झाले. धोतर सावरून टेकणार, तोच बाई म्हणाल्या, "झोपाळ्याचे चारी बोल्ट तुमच्याच तारेचे हायेत."

आप्पासाहेब अर्ध्यावरच थबकले. त्यांनी वर गर्डरकडे पाहिलं आणि सरळ उभे राहिले. "गुडघा दुखायलाय. मी उभाच बरा."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"पडलात तरी खाली सतरंजी हाय, मामा. ट्रॉलीतल्या बाया सडकेवर पडतेन, तव्हा?"

"मनकर्णे! वीतभर तार मिळायची नाय तुला इथून पुढं!"

"नका देऊ. मशीन बंद ठेवीन." आज बाईंची मान ताठ होती. "तुमचे उपकार इसरले नाय मी. पण ते फेडायला दुसऱ्याच्या लेकी मारायच्या नायत मला."

मग त्या स्वतः शिडीवर चढल्या. भिकनने फळी धरली आणि बाईंनी पान्याने चारी बोल्ट सोडवले. खाली उतरून त्यांनी मामांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि त्याच्यावर ते चार बोल्ट.

"परसाद हाय, मामा. नाय म्हणू नका."