दसरूचे हललेले पाय

मनकर्णा अंगणात मोहफुलं वाळत घालत होती, तेव्हा शेजारची रुखमाबाई मोबाइल घेऊन आली.

"बाई, हा तुमचा दसरू नाई का? पाय हालून राह्यले याचे."

पडद्यावर मनकर्णाचा नवरा हसत होता, पायाचा अंगठा हलत होता. खाली अक्षरं होती, 'स्टेम सेलचा चमत्कार'.

झाडावरून पडून दसरू कमरेखाली लुळा झाला होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी खरं सांगितलं होतं, मणक्यातली तुटलेली नस जोडणारं औषध आज नाही. खरं ऐकवेना, म्हणून दोघं वडसा गावी भरलेल्या स्टेम सेलच्या शिबिरात गेली. तिथं पांढरा कोट घातलेला एक साहेब गोड बोलला, "तुमच्याच शरीरातल्या पेशी तुम्हालाच देणार. धोका कसला?"

"आतापर्यंत किती जण चालले, साहेब?" दसरूनं विचारलं.

"शंका घेतली की गुण येत नाही."

इंग्रजी कागदावर अंगठा घेतला, पाठीत सुई टोचली. लुळ्या पायाला पूर्वीही झटके येत; तसाच एक शिबिरवाल्यांनी व्हिडिओत टिपला. मग ताप मेंदूत चढला आणि दसरू गेला. तापानं गेला, एवढंच शेजारपाजाऱ्यांना ठाऊक होतं. शिबिरवाल्यांनी मनकर्णाचा फोन उचलला नाही.

आणि आता त्याच मेलेल्या माणसाचे पाय दाखवून गिऱ्हाइकं गोळा करणं चाललं होतं.

रुखमाबाईची दिव्यानी जन्मापासून चालत नव्हती. तिला घेऊन ती त्याच लोकांच्या शिबिराला निघाली होती. मनकर्णा म्हणाली, "मीबी येतो संगं."

सभागृहात पडद्यावर दसरू हसला, टाळ्या पडल्या. मनकर्णा उभी राहिली.

"हा माणूस मेला. मी याची बायको."

"बाई दुःखात आहेत, बाहेर न्या," तोच कोटवाला साहेब म्हणाला.

"हात नका लावू. या पोरीले जे टोचान, त्याले सरकारची मान्यता हाय का? गुण नाई आला तं काय? जीव गेला तं तिच्या मायले कोण सांगन?"

"हे तुम्हाला समजणार नाही."

"समजावून सांगा. आमी बसलो हाओत."

त्यानं पडदा बंद केला.

रुखमाबाई रडवेली झाली. "मंग माही पोरगी चालन कशी?"

"नाई चालणार असन, बाई. मले नाई मालूम. डॉक्टरीणबाईले विचारू. समजत नाई तोवर विचारू."

रुखमाबाईनं लेकीला कडेवर घेतलं आणि ती दाराकडं निघाली. तिच्यामागं आणखी काही जण उठले. बरेच जण मांडीवरच्या लेकरांकडं पाहत बसून राहिले. त्यांना दोष कोणत्या तोंडानं द्यायचा? पण पहिल्या रांगेतले शिकलेले पाहुणे, ज्यांनी फीत कापून या धंद्याला प्रतिष्ठा दिली होती, तेही हारतुरे सांभाळत बसूनच होते.